गच्चीवर स्विमिंग पूल बसवायच्या आधी हे वाचा
मंडळी, टेरेस फ्लॅटवाल्यांनी प्लीज लक्ष द्या. उन्हाळा आला की डेक (फळ्यांचा प्लॅटफॉर्म) टाकून छोटा पूल बसवायचं निघतंच, पण आधी वजन बघा, २ बाय २ मीटरच्या पूलमध्ये नुसतं अर्धा मीटर पाणी भरलं तरी २००० किलो होतात, माणसं वेगळीच. वापरातल्या गच्चीला आयएस ८७५ (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) प्रमाणे चौरस मीटरला साधारण १५० किलो धरतात, इथे ५०० होतायत! डेक लाकडी असला तरी भार शेवटी स्लॅबवरच येतो ना. स्ट्रक्चरल इंजिनीअरचं लेखी पत्र कमिटीला दिल्याशिवाय कोणी ॲडव्हान्स देऊ नका. आणि हवा भरून फुगवायचे टब गच्चीतच उपडे करू नका, मागच्या मे मध्ये आमच्या बेडरूमच्या छताचे पोपडे गादीवर पडत होते ते त्यामुळेच, पाणी पाईपने थेट ड्रेनमध्ये सोडा.