तळघराचे पाणी बाहेरच अडवा

संपादक महोदय,

पावसाळ्याआधी तळघराच्या भिंती खरवडून आतून वॉटरप्रूफ रंग लावायचा आणि वर्षभरात त्याचेच पोपडे झाडायचे, हा प्रकार घरोघरी चालतो. हा पैसा चुकीच्या बाजूला खर्च होतो आहे.

भिंतीमागची माती पाण्याने पूर्ण भरली, तर 3 मीटर खोलीवर एकट्या पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 3 टन असतो. मातीचा रेटा वेगळाच. हा दाब आतल्या रंगाला भिंतीपासून सुटा करतो. बाहेरून दिलेल्या थराला मात्र भिंतीवर अधिक घट्ट बसवतो. शिवाय आतून कितीही लिंपले तरी भिंत पोटात ओलीच राहते. सळया गंजतात, गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीटचे टवके उडतात. लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार, दिसला की पाणी भिंतीतून वाट काढते आहे, हे ओळखावे. भिंतीच्या मध्यावर आडवी भेग गेली असेल तर ती बुजवून मोकळे होऊ नये, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावी. बाहेरचा रेटा भिंतीला पेलत नसल्याची ती खूण असू शकते.

जुन्या घरात सुरुवात छपरापासून करावी. 100 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तरी 1000 लिटर पाणी होते, आणि पन्हाळीचा पाइप ते नेमके पायाशी ओततो! तो लांब नेऊन सोडला आणि घराभोवतीच्या जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार दिला, तर पुष्कळ ठिकाणी ओल बरीच आटोक्यात येते.

नव्या बांधकामात भिंतीला बाहेरून मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पातळ थर, हवा; भरावातल्या दगडांनी तो फाटू नये म्हणून त्यावर संरक्षक थर हवा. पायाच्या तळाशी पाणी वाहून नेणारा छिद्रांचा पाइप, त्याभोवती खडी आणि गाळ अडवणारे जिओटेक्स्टाइल कापडही हवे. प्रत्यक्षात खोदून काढलेली चिकणमातीच पुन्हा भिंतीलगत लोटली जाते. ती पाणी धरून ठेवते, शिवाय फुगून भिंतीला रेटते.

एकदा भराव पडला की यातले काहीच दिसत नाही. म्हणून भराव टाकण्यापूर्वी घरमालकाला हे काम प्रत्यक्ष दाखवणे आणि त्याची छायाचित्रे इमारतीच्या कागदपत्रांत ठेवणे बांधकाम परवान्यातच बंधनकारक करावे, ही मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी.

आपला,
एक वाचक