कायदा मोडला खरा, पण कामाला ठेवले कुणी?

संपादक महोदय,

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने १०४ भारतीयांना बेकायदा स्थलांतरित ठरवून, बेड्या घालून अमृतसरला आणून सोडले, तेव्हा आमच्या अशोक चौकातल्या टपरीवर ‘कायदा मोडला ना, मग भोगा’ हाच सूर होता. सोलापूरची कितीतरी पोरे रीतसर व्हिसावर जाऊन ग्रीन कार्डसाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, वर्षानुवर्षे खोळंबली आहेत (वर्षाच्या कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा!). त्यांच्या आईबापांचा राग मला कळतो.

पण १९८६ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्याच सहीच्या कायद्याने अशा सुमारे २७ लाख बेकायदा राहणाऱ्यांना तिथे कायदेशीर दर्जा मिळाला होता. फसले ते त्याच कायद्यातले पुढचे कलम. बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकाला दंड होता. पण कागद वरवर खरा दिसला की मालक सुटला. खोटी कार्डे निघाली, शेतात, बांधकामावर, हॉटेलांच्या मोरीत माणसे राबत राहिली. कागद नसलेला मजूर मजुरी बुडाली तरी तक्रार करत नाही, हे मालकाला पक्के ठाऊक असते. त्यामुळे शेजारच्या रीतसर कामगाराचाही भाव पडतो. यंत्रमाग आणि विडीच्या या गावात हे वेगळे समजवायला नको.

म्हणून दहा-पंधरा वर्षे राबून कर भरणाऱ्यांना दंड आकारून दर्जा द्यावा, मात्र रांगेतल्यांच्या मागे. आणि या वेळी मालकाला सोडू नये. लहानपणी आईबापांनी नेलेली मुले तर २०१२ पासून दर दोन वर्षांनी राहण्या-कामाच्या तात्पुरत्या परवानगीचे नूतनीकरण करत बसली आहेत. त्यांनी कोणता कायदा मोडला?

– एक वाचक, सोलापूर