वाकडेंनी चौकशी का केली नाही?

ठाणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं, पण बाबा दोनदा 'बरं बरं' म्हणून फोन आईकडे देतात आणि तेवढ्यात आईचं दूध उतू जातं. म्हणून पत्र.

आज घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये जीव काढण्यापेक्षा घरीच बसलो आणि 'धूमधडाका' लावला. त्यात खोटा श्रीमंत बाप उभा केला की पैसेवाले वाकडे लगेच मुलगी द्यायला तयार होतात ना, ते आलं. थोड्या वेळाने तुमचा नातू म्हणाला, "एवढा पैसेवाला माणूस मुलगी देताना साधी चौकशीपण करत नाही?" आई, शब्द न शब्द तुझा! पाचपाखाडीच्या चाळीत वर्गणी काढून व्हीसीआर आणायचे, तेव्हा तू तांदूळ निवडत हेच म्हणायचीस, आणि बाबा म्हणायचे, "अगं, पिक्चर आहे तो."

बाबा, आईचं बरोबर होतं, आता कबूल करा. १९६४चा तमिळ 'कादलिक्क नेरमिल्लै', त्यावरून १९६६चा हिंदी 'प्यार किये जा', मग १९८५ला आपला. तीन भाषा झाल्या, पण चौकशी करायचं कुणाला सुचलं नाही. गाणी कुठूनही उगवतात, आणि मुलींना लाजण्या-रुसण्यापलीकडे काम नाही. महेश कोठारेंचं दिग्दर्शनातलं पहिलंच पाऊल, म्हणून अर्धे गुण माफ.

पण लक्ष्या वडिलांना, म्हणजे वाकडे झालेल्या शरद तळवलकरांना, भुताच्या पिक्चरची गोष्ट सांगतो ना, तिथे मी आज पहिल्यांदा लक्ष्याकडे बघितलंच नाही. तळवलकरांकडेच बघत राहिले. तो माणूस नुसता ऐकतो. आधी कंटाळा, मग जरा कुतूहल, मग भीती, आणि बाप असल्याचा रुबाब हळूहळू गळून पडतो. लहानपणी वाटायचं, हसवतो तो लक्ष्या. अर्धं काम तर ऐकणाऱ्याचं होतं!

आणि आई, तुझं एक गुपित फोडते. त्या सीनला तुझे तांदूळ थांबायचे. तोंडाला पदर लावून तू भिंतीकडे वळायचीस. मी बघितलंय.

अशोक सराफ त्या खोट्या बापाच्या, म्हाताऱ्याच्या सोंगात आले आणि मी नकळत तुमच्या हसण्याची वाट बघायला लागले, बाबा. तुम्ही विनोदाच्या आधीच हसायचात, त्यामुळे पुढचं वाक्य चाळीत कधी कुणाला धड ऐकूच आलं नाही. आज सगळी वाक्यं स्वच्छ ऐकू आली. काही तर अगदीच सुमार आहेत हो! अशोक सराफांना २०२५ला पद्मश्री जाहीर झाली तेव्हा तुम्ही शेजाऱ्यांना पेढे वाटलेत, हे आईने सांगितलंय मला.

मोतीबिंदूसाठी याल तेव्हा ती व्हीसीडी पिशवीत घालू नका, इथे लावायला काही नाही. कुळथाचं पीठ मात्र आणा. पट्टी निघाली की परत लावू. नातवाला चौकशीचं उत्तर तुम्हीच द्या, माझं त्याला पटलेलं नाही. संध्याकाळपासून पाणी मागतानासुद्धा अशोक सराफांसारखं 'व्याख्या विख्खी वुख्खू' करतोय.

तुमची,
ताई