यादी संग्रहालयांची नको, प्रदर्शनांची कर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

उन्हाळ्यातल्या प्रवासाची तू पाठवलेली यादी पाहिली. पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, व्हिएन्ना, माद्रिद, लंडन आणि प्रत्येक शहरापुढे तीन-तीन, चार-चार नावं. उत्साह पोचला! पण ही यादी संग्रहालयांची झाली, प्रदर्शनांची नाही. चित्रं बघायलाच म्हणून निघालेल्या मुलीने आधी प्रदर्शनं शोधावीत आणि शहरं त्यांच्यामागून ठरवावीत, असं माझं मत. लुव्रमधली मोनालिसा कुठे पळून जात नाही. तू म्हातारपणी गेलीस तरी भेटेल. प्रदर्शन मात्र तीन-चार महिन्यांत उतरतं, चित्रं पेट्यांत बंद होऊन ज्याची त्याच्याकडे परत जातात आणि तो मेळ पुन्हा जमेलच याचा भरवसा नसतो.

डच चित्रकार व्हर्मीरचंच घे. त्याची म्हणून आज जेमतेम ३७ चित्रं मानली जातात, तीही जगभर विखुरलेली. २०२३ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने त्यातली २८ एका छताखाली आणली. न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहाने आपल्याकडची तिन्ही दिली, कारण तेव्हा त्यांच्या वास्तूचं नूतनीकरण चालू होतं. असे योग मागून मिळत नाहीत. आणि ‘मोत्याचं डूल घातलेली मुलगी’ हेगहून आली खरी, पण प्रदर्शन संपायच्या कितीतरी आधी परत गेली. उशिरा पोचलेल्यांना तिच्याविनाच बाकीचं बघावं लागलं. तेव्हा प्रदर्शनाच्या तारखांबरोबर, ज्या चित्रासाठी जीव टाकते आहेस ते नेमकं केव्हापर्यंत आहे, तेही बघून ठेव. कायमच्या दालनातलं एखादं चित्र तू जाशील तेव्हा दुसऱ्या देशात पाहुणं गेलेलं असू शकतं. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर हे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं.

दोन प्रदर्शनांतलं एकच निवडायची वेळ आली तर कागदावरच्या कामाचं निवड. हे जरा सविस्तर सांगतो, कारण जाहिराती तुला नेमक्या उलट दिशेला ओढतील. तैलचित्र वर्षानुवर्षं भिंतीवर राहू शकतं. रेखाटन, जलरंग, छापचित्र यांना उजेड सोसत नाही. रंग उडतो, कागद पिवळा पडतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून अशा गोष्टी मंद उजेडात, साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, थोडे महिने मांडतात आणि मग कित्येक वर्षं अंधारात ठेवून देतात. व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात ड्यूरर या जर्मन चित्रकाराचा ससा आहे ना, १५०२ सालचा, ज्याच्या अंगावरचा केस न् केस मोजावा असा? एरवी तिथे गेलेल्यांना दिसते ती त्याची नक्कल. अस्सल ससा क्वचित, एखाद्या मोठ्या प्रदर्शनापुरता बाहेर येतो. तो बाहेर असताना तू व्हिएन्नात असशील, तर त्या दिवशीचं बाकी सगळं रद्द कर. दालनात शिरल्यावर अंधार वाटेल. दोन मिनिटं थांब, डोळे सरावतात.

अशीच दुसरी एक गोष्ट डच चित्रकार रेम्ब्रांटची. हा माणूस हिंदुस्थानात कधी आला नाही, पण मुघल लघुचित्रं हॉलंडमध्ये त्याच्या हाती लागली आणि १६५६ ते १६६१च्या सुमारास त्याने त्यांवरून रेखाटनं केली. शाहजहान आहे, झाडाखाली बसलेले सूफी आहेत. त्यांतली २३ आज टिकून आहेत, वेगवेगळ्या संग्रहालयांत. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने २०१८ साली त्यांतली बरीचशी गोळा करून मुघल चित्रांशेजारी मांडली होती. कुठल्या दरबारी चित्रकाराची बारीक, संथ रेघ आणि शेजारी रेम्ब्रांटची घाईची, शाई सांडल्यासारखी रेघ! असं काही पुन्हा कुठे लागलं तर मला आधी कळव, मग तिकीट काढ.

आता काय टाळायचं. ‘मोने आणि त्याचा काळ’ छापाच्या नावांना भुलू नकोस. पुष्कळदा त्यात मोनेची मोजकी चित्रं असतात आणि उरलेला सगळा काळच असतो. कुठल्या संग्रहालयांनी चित्रं दिली आहेत त्यांची नावं वाच. तिथून प्रदर्शनाचं वजन कळतं. आणि ती प्रोजेक्टरवाली प्रदर्शनं, भिंतभर व्हॅन गॉग आणि मागे संगीत, त्यांच्या वाटेला जाऊच नकोस. आत एकही चित्र नसतं.

व्हॅन गॉग बघायचाच तर अ‍ॅमस्टरडॅमला त्याच्या संग्रहालयात जा. तिथलं वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं. दारात जाऊन मिळत नाही. तिथे ‘बदामाचा बहर’ शोध. १८९०च्या सुरुवातीला त्याच्या भावाला, थिओला मुलगा झाला आणि भावाने त्याचं नाव काकाचंच ठेवलं. काकाने रुग्णालयात असताना त्या बाळासाठी निळ्या आभाळावर पांढऱ्या फुलांची फांदी रंगवली. त्याच वर्षी तो गेला. पुढच्या जानेवारीत थिओही गेला, आणि थिओच्या बायकोने, योने, तान्हं मूल सांभाळत ही सगळी चित्रं आणि पत्रं जपली. हे चित्र घरच्यांच्या फार जवळचं. १९७३ साली संग्रहालय उभं राहिलं ते त्याच पुतण्याच्या पुढाकारातून. हे नित्याचं दालन आहे, प्रदर्शन नाही, म्हणजे माझाच नियम मी मोडतो आहे. मोडू दे.

पॅरिसमध्येही एक अपवाद कर: ऑरांजरी संग्रहालय. मोनेने कमळांची चित्रं पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाच्या दुसऱ्याच दिवशी, १९१८ साली, देशाला देऊ केली. ती लोकांना पाहायला मिळाली १९२७ मध्ये, तो गेल्यावर काही महिन्यांनी. दोन लंबगोल दालनं, दोन मीटर उंचीचे आठ पट्टे आणि वरून येणारा दिवसाचा उजेड. बाहेर ढग आला की आतलं पाणी बदलतं. मधे बाकं आहेत, बस. लुव्रमध्ये मोनालिसाच्या गर्दीत शिरशील तेव्हा तिच्याकडे पाठ कर. समोर व्हेरोनेजेचं ‘काना गावचं लग्न’ आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, नेपोलियनच्या सैन्याने व्हेनिसहून उचलून आणलेलं. त्याच्यापुढे जागाच जागा असते.

लंडनमध्ये नॅशनल गॅलरीची कायमची दालनं फुकट, पण खास प्रदर्शनांना तिकीट आहे. तिथे उन्हाळ्यात मी तुला पाठवीन ते रॉयल अकॅडमीच्या ‘समर एक्झिबिशन’ला. १७६९पासून दरवर्षी न चुकता भरतं. कुणीही आपलं काम पाठवू शकतं, निवड समिती त्यातून निवडते, आणि नावाजलेल्यांच्या शेजारी अगदी अनोळखी माणसाचं चित्र लागतं. बहुतेक कामं विक्रीला असतात. सगळं चांगलं असतं असं मुळीच नाही, बरंचसं सुमारच, पण तुझी नजर तिथे घासली जाईल, कारण काय बघायचं हे कुणी सांगत नाही. शेजारी लागण्यावरून इथे चकमकीही झाल्या आहेत. कॉन्स्टेबल आणि टर्नर हे दोघे इंग्रज चित्रकार. १८३२ साली कॉन्स्टेबलचं वॉटर्लू पुलाच्या उद्घाटनाचं लाल-सोनेरी चित्र टर्नरच्या करड्या समुद्राच्या चित्राशेजारी टांगलं गेलं. प्रदर्शन उघडण्याआधी चित्रांवर शेवटचा हात फिरवायची मुभा असे. टर्नर आला, आपल्या समुद्रात तांबड्या रंगाचा एक ठिपका ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. कॉन्स्टेबलची सगळी रोषणाई त्या ठिपक्यापुढे फिकी पडली. मग एक-दीड दिवसाने येऊन टर्नरने त्याच ठिपक्याचा समुद्रातला बोया, म्हणजे जहाजांसाठीची तरंगती खूण, करून टाकला.

किरकोळ पण उपयोगाचं: लुव्र, ऑरांजरी आणि माद्रिदचं रेना सोफिया मंगळवारी बंद, पॅरिसचंच ऑर्से सोमवारी. लुव्र बुधवार-शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, तेव्हा जा. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात शेवटचे दोन तास प्रवेश मोफत, पण रांग लागते. मोठी बॅग कुठेच आत नेऊ देत नाहीत. एका दिवशी एकच प्रदर्शन. दुसऱ्यात पाय चालतात, डोळे नाही. आत गारठा असतो, अंगावर घ्यायला काहीतरी ठेव.

राहता राहिला वर्षाचा प्रश्न. निघायचं यंदा की पुढच्या उन्हाळ्यात, हे अजून ठरलं नाही म्हणालीस. २०२६ला गेलीस तर व्हेनिसचं बिएनाले हे मोठं कलाप्रदर्शन मिळेल, १८९५ साली सुरू झालेलं, हल्ली कलेचं सम वर्षी भरणारं. २०२७ला गेलीस तर जर्मनीत कासेलला डॉक्युमेंटा हे आजच्या कलेचं प्रदर्शन, जे पाच वर्षांतून एकदा, शंभर दिवस असतं. माझं मत व्हेनिसला. तिथे देशोदेशीचे मंडप असतात, एक पटला नाही तर पुढच्यात जाता येतं. तुझी आई मात्र कासेलच्या बाजूने आहे आणि तिची कारणं ती तुला वेगळी लिहिणार आहे. दोन्ही वाच आणि मग विमानाचं बघ.

तुझा,
बाबा

ता. क. पॅरिसच्या यादीतून पॉम्पिदू संग्रहालय काढ. नूतनीकरणासाठी ते २०२५पासून बंद आहे, २०३०पर्यंत उघडायचं नाही. आणि प्रादोत फोटो काढू देत नाहीत, तेव्हा वही-पेन्सिल घे.