गाडी खाली बसवली म्हणजे सस्पेन्शन जमले असे नव्हे

महोदय,

आपल्या वाहनविषयक पुरवणीत स्पोर्ट्‌स कारच्या सस्पेन्शनवर आलेला लेख वाचला. विषय चांगला निवडला, पण ‘आखूड, कडक स्प्रिंगा बसवा की गाडी ट्रॅकसाठी तयार’ हा त्यातला सूर वाचकाला फुकटच्या खर्चात आणि धोक्यात टाकणारा आहे. एकच गाडी रोज रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर चालवायची असेल, तर उंची आणि स्प्रिंगा रस्त्याच्या हिशेबाने ठरवाव्यात. ट्रॅकवर गेल्यावर तेवढेच बदलावे जे पुन्हा जसेच्या तसे करता येते: टायरमधली हवा, शॉकचे (स्प्रिंगची उसळी शमवणाऱ्या अब्सॉर्बरचे) क्लिक म्हणजे कडकपणाचे टप्पे, अँटी-रोल बारचे (गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याचे) जोडणीचे भोक आणि फार तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल.

आधी उंची. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (जिथे शॉक आणि स्प्रिंग मिळून एकच खांब चाक धरतो) गाडी खाली बसवून खालच्या आर्मचे, म्हणजे चाक सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्याचे, चाकाकडचे टोक आतल्या टोकापेक्षा वर गेले की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली उतरतो. दोघांमधले अंतर वाढते आणि कडक स्प्रिंगा लावूनही गाडी वळणात अपेक्षेपेक्षा जास्त कलते. शिवाय चाक दबताना ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला असणे) वाढायच्या ऐवजी कमी होतो, आणि टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतच्या दांड्याचा) कोन बिघडल्याने खड्ड्यात स्टिअरिंग न फिरवताही चाक वळते. बहुतेक गाड्या २० ते २५ मिमी सोसतात. त्यापुढे बॉल जॉइंटची (आर्मच्या चाकाकडच्या सांध्याची) जागा बदलणारे भाग लागतात. खाली किती हालचाल उरली हे बघायचे असेल तर शॉकच्या दांड्यावर प्लॅस्टिकची केबल टाय अडकवून एक फेरी मारावी. केबल टाय बंप स्टॉपला (शॉकच्या हालचालीच्या शेवटी असलेल्या रबरी अडथळ्याला) भिडलेली दिसली तर तिथे स्प्रिंगचे काम संपून रबराचे सुरू झाले होते. पुढचे चाक असे टेकले की गाडी अचानक सरळ जाऊ पाहते, मागचे टेकले की मागची बाजू सुटते. दोष मात्र बहुधा टायरला दिला जातो.

स्प्रिंगच्या आकड्यांची नक्कल करू नये. महत्त्वाचा आहे तो चाकापाशी मिळणारा कडकपणा, आणि तो स्प्रिंगचा आकडा गुणिले मोशन रेशोचा (चाक जेवढे हलते त्याच्या तुलनेत स्प्रिंग किती दबते त्या प्रमाणाचा) वर्ग असा येतो. एका चाकाच्या स्प्रिंगवर ३०० किलो पेललेले असतील आणि १.६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १.६ वेळा डोलणे, हवे असेल, तर चाकापाशी साधारण ३० न्यूटन प्रति मिमी लागतात. मोशन रेशो ०.७ असेल तर त्यासाठी ६२ ची स्प्रिंग हवी. हीच ६२ ची स्प्रिंग ०.९५ मोशन रेशोच्या तेवढ्याच वजनाच्या गाडीत घातली तर चाकापाशी ५६ मिळतात, म्हणजे जवळपास २.२ हर्ट्झ. खडबडीत रस्त्यावर अशा गाडीचे चाक जमिनीला धरून राहत नाही. रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स गाडीला १.५ ते २ पुरेसे आहे. मागची वारंवारता पुढच्यापेक्षा किंचित जास्त ठेवली की उंचवट्यावरचे डोलणे लवकर शमते. सस्पेन्शनचे अभियंते मॉरिस ओली यांनी १९३० च्या दशकात मांडलेला हा नियम रस्त्यासाठी आजही चालतो.

स्प्रिंगचा कडकपणा दुप्पट झाला की शॉककडूनही सुमारे १.४ पट दमन (उसळी शमवण्याची ताकद) लागते. मूळ शॉक तेवढे देत नाहीत, म्हणून गाडी उड्या मारते. उलट रिबाउंड (चाक परत खाली येतानाचा शॉकचा अडथळा) अति आवळला तर लागोपाठच्या उंचवट्यांवर चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही आणि गाडी हळूहळू बंप स्टॉपवर बसते. क्लिक नेहमी पूर्ण बंदपासून मोजावेत, डावे-उजवे सारखे ठेवावेत, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

अलाइनमेंटचा (चाकांचे कोन जुळवण्याचा) क्रम चुकला की सगळे पुन्हा करावे लागते. हवा भरून, चालकाच्या सीटवर त्याच्याएवढे वजन ठेवून, अँटी-रोल बारची लिंक सोडून आधी चारही कोपऱ्यांचे, म्हणजे प्रत्येक चाकावरचे, वजन बघावे. एका कोपऱ्याची स्प्रिंग उचलली की त्या आणि तिरप्या समोरच्या चाकावर भार वाढतो, उरलेल्या दोघांवरचा कमी होतो. मग आधी मागची आणि नंतर पुढची चाके. त्यांचे कॅम्बर, कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागचा कल) आणि सगळ्यात शेवटी टो (वरून पाहता चाके पुढच्या बाजूला किती आत किंवा बाहेर वळली आहेत), कारण कॅम्बर हलला की टो हलतोच. स्ट्रटच्या गाडीला सुरुवात म्हणून कॅम्बर पुढे उणे २ ते २.५ अंश, मागे उणे १.५ ते २, पुढचा टो शून्य, मागे एकूण २ मिमी आत. मागचा टो बाहेर ठेवू नये; वळणात ॲक्सिलरेटर सोडताच गाडी गरकन फिरते. टायरची आतली कड झिजली की लोक कॅम्बरवर खापर फोडतात, पण खरा गुन्हेगार बहुतेक वेळा टो असतो.

लेखात न आलेली एक गोष्ट आर्मच्या सांध्यांतल्या रबरी बुशांची (नळीसारख्या रबराची). आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो, उंची चुकीची दिसते आणि तो लवकर फाटतो. शेवटचा टॉर्क गाडी चाकांवर उभी असतानाच द्यावा.

ट्रॅकवर टायर तापून हवेचा दाब वाढतो, साधारण दर ५ ते ६ अंश सेल्सिअसला १ पीएसआय. म्हणून तिथे गरम टायरमधली हवा सोडतात. टायर थंड झाल्यावर तोच दाब रस्त्यासाठी धोकादायक इतका कमी होतो, तेव्हा पंप बरोबर ठेवावा आणि परतीला निघण्याआधी दारावरच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याइतकी हवा पुन्हा भरावी.

आपला,
एक वाचक