बिनशिक्क्याचा काटा

चोपडा, दि. ६ मे

चि. हर्षदा हीस अप्पांचे अनेक आशीर्वाद.

अखाजीच्या दुसऱ्याच दिवशी तू सकाळच्या गाडीने निघून गेलीस, तेव्हापासून निंबाला बांधलेला झोका तसाच आहे. तुझी आई तो सोडू देत नाही. सांजोऱ्यांचा डबा तू मुद्दाम ठेवून गेलीस की खरोखर विसरलीस, यावर आमचा दोन दिवस वाद चालला आणि तेवढ्यात भूषणने डबा संपवला. पत्रात नोकरीचा विषय काढणार नाही, असे मी तुझ्या आईला कबूल केले आहे, म्हणून आधी घरचे लिहितो. नानांचा गुडघा आहे तसाच आहे. विहिरीला अजून पाणी आहे, त्यामुळे केळी तगेल असे वाटते. घरात राहिलेला कापूस मागच्या आठवड्यात देऊन टाकला. आणखी थांबलो असतो तर या उन्हाने तो वजनात उतरला असता आणि भाव काही चढला नसता.

घरचे एवढेच. एवढ्यासाठी अप्पांनी चार कागद घेतले नसते, हे तू ओळखले असशीलच.

हर्षदा, ऐकणे आणि बोलणे यांवरच्या तुझ्या पदवीची सहा सत्रे पार पडली आणि आता फक्त इंटर्नशिपचे एक वर्ष राहिले आहे. ते झाल्याशिवाय पदवी नाही, पदवीशिवाय पुनर्वसन परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नाही, आणि तो क्रमांक हाती नसताना तू जळगावच्या दुकानात पांढरा कोट घालून लोकांच्या कानात यंत्रे बसवणार, ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नाही. भूषणने परिषदेचा १९९२ चा तो कायदा मला मोबाइलवर काढून दिला आणि मी तो दोन रात्री वाचला. मापाडी म्हणून बाजार समितीचे उपविधी वाचण्यात माझी एकतीस वर्षे गेली, त्यामुळे कायद्याची भाषा मला जड जात नाही. ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे ऐकणे तपासणारे, आणि वाचा-उपचारतज्ज्ञ हा त्यात एक वर्ग आहे, श्रवणयंत्रे आणि कानाचे साचे यांचे तंत्रज्ञ हा दुसरा वर्ग आहे, आणि दुकानदाराने तुला देऊ केलेले ‘हिअरिंग एड स्पेशालिस्ट’ हे नाव मला त्यात कुठेच सापडले नाही. तेराव्या कलमाप्रमाणे नोंदवहीत नाव नसलेल्या माणसाला हा व्यवसाय करता येत नाही आणि व्यावसायिक म्हणून प्रमाणपत्रावर सहीही करता येत नाही. मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये वाचून मला हसू आले आणि मग रागही आला, कारण आमच्या बिनशिक्क्याच्या काट्याला यापेक्षा जास्त दंड होतो.

तू म्हणालीस की अप्पा, तुम्हाला सगळीकडे काटाच दिसतो. दिसतो, काय करू? दरवर्षी वजनमापवाले येतात, प्रमाण वजने ठेवून काटा पाहतात आणि शिशावर त्या वर्षाचा शिक्का ठोकून जातात. काटा काल बरोबर होता म्हणून आज शिक्क्यावाचून चालत नाही. धानोऱ्याकडचे एक म्हातारे शेतकरी होते. त्यांना आकडे वाचता येत नसत, म्हणून ते गाडीवरून उतरले की आधी खाली वाकून शिक्का चाचपत आणि मगच गाठोडे सोडत. माल त्यांचा, घाम त्यांचा, आणि वजन मात्र मी सांगेन ते. तुझ्यासमोर येऊन बसणारा माणूस तर त्यांच्याहूनही अडलेला असतो, कारण आपल्याला काय ऐकू येत नाही हे त्याला कधीच कळत नाही; तू सांगशील तेच त्याने मानायचे. ऐकणे मोजणाऱ्या तुमच्या ऑडिओमीटरचेसुद्धा दरवर्षी कॅलिब्रेशन करावे लागते, हे तूच मला सांगितलेस. मग यंत्राला जी तपासणी लागते ती यंत्र चालवणाऱ्याला नको, हा न्याय कुठला?

व्याख्यान झाले. माफ कर. बोलू लागलो की मला थांबता येत नाही, आणि त्या दिवशी माझ्या मायच्या नावाची घागर पूजून झाल्या झाल्या मी तुला सर्वांसमोर बोललो, तेही चुकलेच. सणाला माहेरी आलेल्या पोरीला कोणी असे बोलत नाही.

तू अमेरिकेचा दाखला दिलास, म्हणून तोही मी शोधून काढला. तिकडे बारावीएवढ्या शिक्षणावर माणूस हिअरिंग एड स्पेशालिस्ट होऊ शकतो, हे पुष्कळ राज्यांपुरते खरे आहे. परंतु त्याला आधी परवानाधारक माणसाच्या हाताखाली शिकावे लागते, लेखी परीक्षा द्यावी लागते, प्रत्यक्ष कान तपासून आणि साचा घेऊन दाखवावा लागतो, आणि मग राज्य त्याला परवाना देते. राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत, पण परवाना घ्यावाच लागतो. ऑडिऑलॉजिस्ट व्हायचे तर पदवीनंतर साधारण चार वर्षांची डॉक्टरेट करावी लागते. १७ ऑक्टोबर २०२२ पासून तिथे यंत्रे चिठ्ठीवाचून दुकानात मिळू लागली, हेही तुझे म्हणणे बरोबर आहे. मात्र ती फक्त अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आणि ज्यांना आपले ऐकणे थोडे किंवा मध्यम कमी झाले आहे असे वाटते त्यांच्यासाठी आहेत. कानातून पाणी किंवा रक्त येत असेल, ऐकणे एकाएकी गेले असेल, तर आधी डॉक्टरकडे जा, असे त्या खोक्यावरच छापावे लागते. म्हणजे जिथे माणूस नाही तिथे त्यांनी निदान खोक्याला तरी बोलायला लावले आहे.

आता एक गोष्ट कबूल करतो, रागावू नकोस. मागच्या मंगळवारी मी तुला न सांगता त्या दुकानात जाऊन आलो. नाव सांगितले नाही, नुसता गिऱ्हाईक म्हणून बसलो. थंडगार खोली, काचेचे कपाट, आणि एरंडोलकडचा एक पोरगा, वयाने भूषणएवढा, बोलायला फार गोड. त्याने मला काका म्हणून पाणी दिले, हेडफोन लावून पाच मिनिटे आवाज ऐकवले, आणि उजव्या कानात यंत्र बसवून विचारले, “बरं वाटतं ना काका?” कानात दिवा धरून त्याने एकदाही पाहिले नाही. छतावरचा पंखा मला सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या रोलरसारखा ऐकू येऊ लागला, आणि तो काय बोलतो आहे ते मात्र आधी कळत होते तेवढेच कळत होते. दोन घेतलीत तर सवलत आहे, म्हणाला. मी त्याला नोंदणी क्रमांक विचारला, तेव्हा त्याने भिंतीवरच्या प्रमाणपत्राच्या चौकटीकडे बोट केले. ती चौकट ज्यांची, ते महिन्यातून एकदा येतात. मला त्या पोराचा राग आला नाही, दयाच आली. सहा महिन्यांपूर्वी तो मोबाइलच्या दुकानात होता, आणि कानात आधी डोकवायचे असते हे त्याला कोणी सांगितलेच नाही.

त्या खुर्चीवर मला तू दिसलीस. तू अर्थातच डोकावली असतीस. पण दिवसाला इतकी यंत्रे खपवायची असे वरून आले की शिकलेल्या माणसाचाही हात घाईला लागतो, हे मी काट्यावर पाहिले आहे.

मायची गोष्ट तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. तिच्या कानासाठी शिबिरवाल्याकडून यंत्र घेतले ते मी घेतले. कापसाचे पैसे नुकतेच आले होते आणि मला मोठेपणा करायचा होता. साच्यासाठी त्या माणसाने तिच्या कानात लगदा भरला, तेव्हा ती खुर्चीची कड धरून बसली होती. काढताना तिच्या डोळ्यांतून पाणी आले आणि रुमालाला थोडे रक्त लागले. “होतं असं,” तो म्हणाला, आणि मीही तिला तेच म्हणालो. नंतर ते यंत्र दिवसभर शिट्टी मारी. ती म्हणायची, “आवाज येस, पन बोलनं समजत नही.” मला वाटले, म्हातारपणाचा हेकटपणा आहे. शेवटची तीन वर्षे ते यंत्र कुंकवाच्या करंड्याशेजारी पडून होते आणि आम्ही तिच्याशी ओरडून बोलत होतो.

तू दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या कानाचा साचा घेतलास, तो दिवस मी विसरलेलो नाही. आधी तू दिवा घेऊन कितीतरी वेळ आत पाहिलेस. मग दोरा बांधलेला फोमचा लहानसा बोळा चिमट्याने आत सरकवलास, पुन्हा दिवा लावून तो नीट बसला का ते पाहिलेस, आणि त्यानंतरच मसाला भरलास. मी विचारले, हा दोरा कशाला? तू म्हणालीस, “अप्पा, हा बोळा नसेल तर मसाला पडद्यापर्यंत जातो. पडद्याला भोक असेल तर आतही जातो, मग ऑपरेशन करूनच काढावा लागतो.” तेव्हा मला मायची खुर्ची आठवली. त्या माणसाने दोऱ्याचा बोळा घातला होता का, हे मला आजही आठवत नाही, कारण तेव्हा तिथे काय पाहायचे असते हेच मला माहीत नव्हते. तो गुलाबी साचा, तुझ्या सुबक अक्षरातल्या चिठ्ठीसह, माझ्या परवान्याच्या पाकिटात आहे. बाजार समितीत मी तो किती जणांना दाखवला, ते तुझ्या आईला विचार.

त्याच्याही आधीचा दिवस वांद्र्याच्या तुमच्या संस्थेतला. त्या बंद खोलीत बसून मी आवाज आला की बटण दाबत होतो, आणि काचेपलीकडे तू मान खाली घालून उजव्या कानाची लाल वर्तुळे आणि डाव्याच्या निळ्या फुल्या काढत होतीस. जाड आवाजांना रेघ बरी चालली होती, बारीक आवाजांना, चार हजार हर्ट्झवर, ती खड्ड्यात गेली आणि आठ हजारांवर थोडी वर आली. तू त्या खड्ड्यावर बोट ठेवून म्हणालीस, “अप्पा, ही तुमची जिनिंग.” मापाड्याचा परवाना मिळण्याआधीचे, जिनिंगच्या गोंगाटातले माझे अकरा हंगाम तू एका बोटाखाली दाखवलेस. मग तुमच्या मॅडम आल्या, त्यांनी आलेख निरखून पाहिला, डावा कान पुन्हा एकदा तपासायला लावला, आणि खाली सही करून आपला क्रमांक लिहिला. काम सगळे तुझे होते आणि सही त्यांची. तेव्हा मी मनात म्हटले होते की दोन-तीन वर्षांनी या जागी आपल्या पोरीचा क्रमांक असेल. पाच पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी शिकत राहावे लागते, हे तू सांगितलेस तेव्हा तर मला फारच बरे वाटले. आमच्या परवान्यासारखेच झाले की!

बघ, पुन्हा तिथेच आलो.

इतके लिहून कागद तुझ्या आईला वाचायला दिला. तिने वाचला आणि म्हणाली, “तुम्ही कायदा शोधला, अमेरिका शोधली, पोरगी का असं म्हणते ते नाही शोधलं.” मग तिने जे सांगितले ते ऐकून मला उठून बाहेर जाऊन बसावे लागले. अखाजीच्या आदल्या रात्री आपण सगळे घराच्या धाब्यावर झोपलो होतो. तुम्ही झोपलात असे समजून मी तिच्याशी वरच्या शेताबद्दल, सोसायटीच्या हप्त्याबद्दल आणि तुझ्या मुंबईच्या वर्षाबद्दल हळू आवाजात बोललो. ती म्हणते की माझी कुजबूज हल्ली शेजारच्या धाब्यापर्यंत जाते. मला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून मी तो वाढवत जातो. हेही तूच तिला समजावून सांगितले होतेस म्हणे. म्हणजे तू त्या रात्री सगळे ऐकलेस, आणि सकाळी उठून मला पगाराचा आकडा सांगितलास, आणि मी तुला लोभी म्हणालो.

त्या शब्दाबद्दल काय लिहावे हे मला सुचत नाही. तो शब्द मी परत घेतो एवढेच लिहितो.

शेताचे तू मनावर घेऊ नकोस. विकायचे नाही, एक वर्ष कसायला द्यायचे आहे, आणि ते भूषणच्या ट्रॅक्टरसाठीही असू शकते. त्यातले तुझ्यासाठी किती आणि त्याच्यासाठी किती, हा हिशेब मी करणार आहे. तो तुझा नाही. इंटर्नशिपसाठी रुजू होण्याची तारीख आईला कळव. खोलीचे आगाऊ भाडे मी पंधरा तारखेपर्यंत पाठवतो. आणि वर्षभरात केव्हातरी मला पुन्हा त्या बंद खोलीत बसव. यंत्र लागत असेल तर मी लावीन, यापुढे हट्ट करणार नाही, फक्त ते तू तुझ्या मॅडमसमोर बसव.

फोन आईच्या मोबाइलवर कर. माझा वाजतो ते मला कळत नाही.

तुझा,
अप्पा

ता. क. दुकानदाराला नकार तूच कळव. मी पुन्हा तिकडे गेलो तर तो पोरगा या वेळी मला दोन्ही यंत्रे विकल्याशिवाय सोडणार नाही.