चार हातांवरून ऐकलेला ‘कंदिसा’

वेंगुर्ले, रविवार

प्रिय झिला,

काल रात्री फोनवर तुला नुसतंच “मस्त झालं रे” म्हटलं आणि ठेवून दिला. तेव्हा बोलवतच नव्हतं. आत्ता रोपांना पाणी घालून झालंय, बाबा बाजारात गेलेत, म्हणून निवांत लिहायला बसले.

तू काढून दिलेल्या तिकिटांवर मी आणि मावशी इंडियन ओशन बँडच्या कार्यक्रमाला गेलो. शिरोड्यावरून आरोंदा, किरणपाणीचा पूल, मग शिवोलीचा पूल ओलांडून आसगाव. जागा म्हणजे जुनं घर, मागे अंगण, अंगणावर पत्रे. शंभरेक माणसं असतील. मला वाटलेलं आपल्या वयाचं कोण दिसायचं नाही, पण पिकल्या केसांची बरीच होती. गोव्यात रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून साडेसातलाच सुरू केलं. मला तर ते सोयीचंच पडलं.

तुला ठाऊक आहे, त्यांचा ‘कंदिसा’ अल्बम २००० साली आला तेव्हा तू पोटात होतास. तुझ्या मामाने कुडाळहून कॅसेट आणलेली. त्यातल्या ‘कंदिसा’ गाण्याच्या शब्दांतलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. केरळातल्या सीरियन ख्रिस्ती लोकांची आरामाईक भाषेतली प्रार्थना आहे, हे फार पुढे कळलं. पण पडवीत कलमं बांधताना ती कॅसेट इतक्यांदा फिरली, की शेवटी फीत ओढली जाऊन आवाज लांबायला लागला. पुढे एकदा मुंबईत मोठ्या मैदानावर इंडियन ओशनला ऐकलं होतं. ऐकलं म्हणायचं इतकंच. माणसं बोटभर दिसत होती आणि आम्ही सगळा वेळ बाजूचा पडदा बघत होतो.

काल त्या बँडचे गायक राहुल राम माझ्यापासून चार हातांवर उभे होते. चार हात म्हणजे खरोखरच चार हात, मध्ये एक खुर्ची आणि एक स्पीकर. लांब केस आता पांढरे झालेत. गळ्यात बेस गिटार, खालचे जाड सूर देते ती. बेस मी इतकी वर्षं ऐकत होते, पण तो नेमका कुठे असतो ते मला कधी कळलंच नव्हतं. कॅसेटवर तो जमिनीसारखा असतो, पायाखाली असतो पण त्याच्याकडे कोण बघतं! काल पहिला सूर लागला आणि हातातल्या ग्लासातलं पाणी थरथरलं. मग बरगड्यांत आला. मावशीने माझा हात धरला, तिला वाटलं काहीतरी पडलं.

मी त्यांच्या बोटांकडेच बघत राहिले. जाड तारा, उजव्या हाताची दोन बोटं आळीपाळीने चालताहेत, डावा अंगठा गिटारच्या मानेमागे नुसता टेकलेला. तोंडाने गाणं एका चालीत आणि बोटं दुसऱ्याच चालीत. मध्येच एका केबलमधून खरखर यायला लागली. त्यांनी मान न उचलता पायाने ती बाजूला सारली, ठेका कुठेही सुटला नाही. हे मैदानातून कधी दिसलं असतं?

‘मा रेवा’, म्हणजे नर्मदामाईचं गाणं, लागलं तेव्हा मला रडू आलं. हा माणूस अमेरिकेत कॉर्नेलला डॉक्टरेट करून आला आणि नर्मदा बचाव आंदोलनात जाऊन राहिला. हे गाणं त्या खोऱ्यातलंच, तिथूनच त्यांनी आणलं. आपल्या महाराष्ट्राचं मणिबेली गाव नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली गेलं. तेव्हा आम्ही पेपरात वाचायचो आणि पान उलटायचो.

अमित किलम ड्रम सोडून गबगुबी घेऊन पुढे आले. काखेत दाबलेलं चामडी बुडाचं भांडं, त्यातून निघालेली तार एका हाताने ताणायची आणि दुसऱ्याने छेडायची. आपल्याकडच्या जोगतिणींचं चौंडकं असतं ना, त्याचा बंगाली भाऊच. मावशी लगेच म्हणाली, “अगो, ह्यां तर आपलाच!”

आणि ‘कंदिसा’. तो आवाज असीम चक्रवर्तींचा, तबला वाजवता वाजवता गायचे. २५ डिसेंबर २००९ला ते गेले. गिटार वाजवणाऱ्या सुस्मित सेननी २०१३मध्ये बँड सोडला. मला धास्ती होती, दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते ऐकवेल का म्हणून. आता गाणाऱ्या हिमांशू जोशींनी आलाप घेतला आणि मी डोळे मिटले. हा वेगळा आवाज आहे, त्यांनी असीमचा आवाज काढायला बघितलं नाही, आणि म्हणूनच मला ते ऐकता आलं. लहानपणी देवळासमोर दशावतार बघताना पहिल्या रांगेत गोणपाटावर बसायचो, राजाच्या कपाळावरचा घाम रंगातून ओघळताना दिसायचा, तसं काल दिसत होतं सगळं.

आता मला जे सांगायचंय ते. दिवाळीत तू पुण्यातल्या तुझ्या कार्यक्रमाबद्दल म्हणालास, “चौदा माणसं होती आई, त्यात पाच आमचेच मित्र,” आणि तेव्हापासून गिटार पिशवीतून काढलेली नाहीस. मी तेव्हा गप्प बसले, कारण मलाही वाटलं की चौदा म्हणजे थोडीच. काल मी त्या शंभरांतली एक होते. त्यांनी समोर किती माणसं आहेत ते बघून हात राखून वाजवलं नाही, हे मी अगदी जवळून बघितलंय. मी कलम बांधते तेव्हा गिऱ्हाईक समोर नसतं. शंभरातलं एक सैल बांधलं तर त्या दिवशी कुणालाच कळत नाही, तरी मला ते सोडून पुढचं रोप घेता येत नाही. तुझ्याही हातात ते आहे. तू नववीत असताना एकच सरगम पडवीत दिवसभर घोटायचास, तेव्हा मी स्वयंपाकघरातून ऐकायचे.

शेवटी ते वायरी गुंडाळत होते तेव्हा मी जवळ गेले. बोलायचं खूप ठरवलेलं, पण काही सुचेना. नुसता नमस्कार केला, त्यांनीही हात जोडले.

पुण्यात परत कुठे वाजवणार असलास तर मला आधी कळव. पंधरावी मी. रात्रीची एसटी मिळते. फक्त शुक्रवार नको, त्या दिवशी रोपांची गाडी भरायची असते.

कुळथाची पिठी आणि सोलं मावशीच्या मुलाबरोबर पाठवतेय. तारा जुन्या झाल्या असतील तर नव्या घे, पैसे मी टाकते.

तुझी,
आई